कीचकाचे नाव कोणी घेतले?

महाभारताच्या अठरा पर्वांपैकी विराटपर्वाविषयी आमच्या भागात काही वेगळीच जवळीक आहे. बीदर, भालकी, हुमनाबाद, आळंद, अफजलपूर या बाजूच्या जुन्या मराठी घरांतून चातुर्मासात श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ लागत असे. १७१२ साली पूर्ण झालेला हा ओवीबद्ध ग्रंथ वाचणारा एक आणि ऐकणारी सारी आळी, अशी त्याची रीत. शेजारच्या कन्नड घरी किंवा देवळात कुमारव्यासाचे भारत गमकी पद्धतीने गायिले जाई. पाऊस ओढ धरू लागला की विराटपर्व वाचावे, अशी कर्नाटकात श्रद्धाच आहे. भाषा दोन, पण सैरंध्रीची कथा एकच.

या जवळिकीचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. या पर्वात राजे चाकर झाले आहेत. धर्मराज फासे खेळविणारा कंक आहे, भीम बल्लव नावाचा आचारी आहे, अर्जुन राजकन्येला नाच शिकवितो आहे, नकुल तबेल्यात आणि सहदेव गोठ्यात आहे. द्रौपदी राणीची वेणीफणी करणारी सैरंध्री आहे. परक्याच्या दरबारी मान खाली घालून वर्ष काढणे म्हणजे काय, हे या पर्वात जसे उतरले आहे तसे अन्यत्र क्वचितच सापडेल. ज्यांच्या पूर्वजांनी बरीदशाही, आदिलशाही, मोगलाई आणि आसफजाही अशा एकामागून एक दरबारांत दप्तरे सांभाळली, त्यांच्या कानाला हे पर्व ओळखीचे वाटले तर नवल नाही.

याच पर्वातील एका उपकथेवर १९०७ साली मराठीत एक नाटक रंगभूमीवर आले आणि तीनच वर्षांत सरकारला ते बंद करावे लागले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे ते नाटक. त्याची कथा आमच्या पिढीने पाठ्यपुस्तकात वाचली आहे. तरीही ती पुन्हा सांगावीशी वाटते, कारण तिच्यातील एक प्रश्न अद्याप शिळा झालेला नाही. साऱ्या नाटकात ज्या गोऱ्या साहेबाचे नाव एकदाही आले नाही, ते नाव अखेर घेतले कोणी?

पुराणातील पात्रावर वर्तमानातील माणूस बसविणे ही युक्ती खाडिलकरांची नव्हे. तिचा एक फार जुना आणि भव्य नमुना आमच्याच परिसराशी जोडलेला आहे. कन्नडचा आदिकवी पंप याने ९४१ साली ‘विक्रमार्जुनविजय’ रचले, तेव्हा आपला आश्रयदाता अरिकेसरी यालाच त्याने अर्जुन केले. हा अरिकेसरी राष्ट्रकूटांचा मांडलिक होता, आणि राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. पुढे रन्नाने ‘गदायुद्ध’ लिहिताना चालुक्य सत्याश्रयाला भीम केले. त्याच घराण्याची नंतरची राजधानी कल्याणी, म्हणजे आपले बसवकल्याण. आज चौथऱ्यांचे अवशेष आणि किल्ल्याच्या भिंती पाहून परतणाऱ्या प्रवाशाला हे सहसा कोणी सांगत नाही की, एका राजाच्या अंगावर महाभारत चढविण्याची कला या मातीत हजार वर्षांपूर्वीच पक्की झाली होती.

मात्र पंप आणि रन्न यांनी केले ते स्तवन होते. तेथे कवी स्वतः सांगतो की हा अर्जुन म्हणजे आमचा राजा. उपरोधात असे सांगून चालत नाही. स्तुतीचे रूपक उघड करण्यात कवीचा लाभ असतो, तर निंदेचे रूपक झाकून ठेवण्यात त्याचा जीव असतो. म्हणून निंदेच्या रूपकात अर्धे काम श्रोत्यावर सोपवावे लागते.

मराठीत पुराण उलटे करून वाचण्याचा मोठा प्रयत्न खाडिलकरांच्या आधी जोतीराव फुल्यांनी केला होता. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी दशावताराची कथा ही बाहेरून आलेल्या जेत्यांनी येथील बळीच्या प्रजेला जिंकल्याची कथा म्हणून मांडली, आणि तीही प्रश्नोत्तरांच्या, म्हणजे जवळजवळ नाटकाच्याच, स्वरूपात. फुल्यांचा जेता समाजाच्या आत बसलेला होता, खाडिलकरांचा समुद्रापलीकडून आला होता. फुल्यांना पुराणाचे बिंग फोडायचे होते, खाडिलकरांना पुराणाचा अधिकार वापरायचा होता. दोघांचे मार्ग अगदी भिन्न आहेत. तथापि पुराणकथा ही परकीय सत्तेची कथा म्हणून वाचता येते, आणि अत्याचारी कोण हे वाचणारा कोठे बसला आहे त्यावर ठरते, ही गोष्ट दोघांच्या कृतींतून सारखीच दिसते. याकडे आम्हांस पुढे पुन्हा वळावे लागेल.

खाडिलकर १८९७ पासून ‘केसरी’त टिळकांचे सहकारी होते. लॉर्ड कर्झनची कारकीर्द १८९९ ते १९०५. बंगालची फाळणी १९०५ ची. तिच्यानंतर उसळलेल्या स्वदेशी-बहिष्काराच्या लाटेत, कर्झन मायदेशी परतल्यावर, हे नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. कथा व्यासांचीच. विराट राजा वृद्ध व दुबळा. त्याचा मेहुणा आणि सेनापती कीचक हाच खरा सत्ताधीश. त्याची दृष्टी सैरंध्रीवर पडते. ती दाद मागते. धर्म म्हणतो थांब, अवधी पुरा होऊ दे. भीम म्हणतो आता थांबणे नाही. प्रेक्षकांनी वाटणी केली ती अशी : कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, धर्मराज म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, आणि सारे पाहूनही काही न करणारा विराट म्हणजे विलायतेतील सरकार.

ही वाटणी इतकी चपखल बसली याचे श्रेय खाडिलकरांइतकेच व्यासांना आहे. मूळ भारतात कीचक भर सभेत द्रौपदीला लाथ मारतो. ती राजाला विचारते की तुझ्या राज्यात हाच का धर्म? त्यावर विराटाचे उत्तर असे की, आमच्या दृष्टीआड झालेल्या तुमच्या भांडणाची हकीकत आम्हांस ठाऊक नाही, मग निवाडा कसा द्यावा? प्रत्येक काळातील सरकारी कचेरीने हे उत्तर दिलेले आहे. त्याला उपरोधाचा रंग वेगळा द्यावा लागत नाही, नुसते उच्चारले तरी पुरते.

येथे निजाम राज्यातील प्रजेच्या दृष्टीने एक भर घालावीशी वाटते. कर्झनचे नाव हैदराबादेत केवळ वर्तमानपत्रांतून आलेले नव्हते. १९०२ साली याच व्हाइसरॉयने सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड प्रांत वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतला. नावाची मालकी निजामाची राहिली, प्रांत गेला. दरबार निजामाचा आणि शब्द रेसिडेंटाचा, ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या माणसाला विराट कोण वाटला असता? पुण्याच्या प्रेक्षकाचा विराट लंडनमध्ये होता. कलबुर्ग्याच्या, बीदरच्या वाचकाचा विराट हैदराबादेत बसलेला असणे अधिक स्वाभाविक होते, कारण मूळ कथेतील विराट हा आपल्याच सेनापतीला भिणारा राजा आहे, आणि असा राजा आपल्या लोकांनी जवळून पाहिला होता. एकच संवाद, पण हद्द ओलांडली की पात्रांच्या जागा बदलतात.

आता कायद्याकडे येऊ. नाटकांवर बंदी घालण्याचा कायदा १८७६ चा. बंगाली नाटकांनी गोऱ्या अधिकाऱ्यांची व त्यांच्या बगलबच्च्यांची टर उडविण्यास आरंभ केल्यावर तो आला. पण ‘कीचकवधा’ने त्याच्यापुढे विचित्र पेच टाकला. पुस्तकात कर्झनचे नाव नाही, इंग्रजांचे नाव नाही. जे आहे ते हिंदूंच्या धर्मग्रंथातील. कीचक दुष्ट आहे हे खाडिलकरांनी ठरविलेले नाही. बंदी घालावयाची तर सरकारने स्वतःच म्हणावयास हवे की, या गोष्टीतील परस्त्रीवर हात टाकणारा नराधम म्हणजे आमचा माजी व्हाइसरॉय होय, आणि सारे प्रेक्षक तसेच समजतात.

सरकारने अखेर ते म्हटलेच. त्याला निमित्तही तसेच झाले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या खेळाला आलेला कलेक्टर जॅक्सन अनंत कान्हेरे या तरुणाच्या गोळ्यांनी मारला गेला. हा कान्हेरे निजाम राज्यातील औरंगाबादेत राहून शिकलेला होता, हे आमच्या वाचकांना स्मरत असेल. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१० मध्ये, ‘कीचकवधा’वर बंदी आली. नाटक आणि नाशिकची घटना यांत सरळ धागा कोणी दाखविलेला नाही. पण एका नाट्यगृहात खरा रक्तपात झाल्यानंतर दुसऱ्या नाट्यगृहातील रूपक सहन करण्याची सरकारची तयारी उरली नाही, इतके म्हणता येईल. त्याच वर्षी ‘टाइम्स’च्या व्हॅलेंटाइन चिरोलने हिंदुस्थानातील असंतोषावर ग्रंथ लिहिला आणि त्यात या नाटकाचे कथानक व त्यातील कोण म्हणजे कोण हे इंग्रज वाचकांना सविस्तर समजावून दिले. याच ग्रंथावरून पुढे टिळकांनी चिरोलवर लंडनच्या न्यायालयात फिर्याद केली व १९१९ मध्ये ते हरले. ‘कीचक म्हणजे कर्झन’ हे समीकरण छापील अक्षरांत ठामपणे मांडून जगभर नेण्याचे काम खाडिलकरांच्या शत्रुपक्षाने केले, हा इतिहासाचा विनोद आहे. आरंभीच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते : नाव घेतले ते सरकारने.

पण ते पूर्ण उत्तर नव्हे. सरकारला ते नाव सुचले कोठून? प्रेक्षागृहातून. टाळी कोणत्या वाक्याला पडते यावरून. म्हणजे नाव प्रथम श्रोत्यांनी घेतले, मनातल्या मनात आणि सर्वांनी एकदम. मराठीत म्हण आहे की पुराणातली वांगी पुराणात. मूळ शब्द ‘वानगी’ की ‘वांगी’ याचा वाद पंडितांनी खुशाल घालावा. ‘कीचकवधा’च्या प्रेक्षकांनी मात्र ती पुराणाबाहेर काढून थेट बाजारात मांडली.

हे सारे कानाचे काम आहे, आणि म्हणूनच या नाटकाचा विचार करताना आम्हांस पुनःपुन्हा नभोनाट्य आठवते. खाडिलकरांचे पुढचे कीर्तिमान नाटक ‘मानापमान’ संगीत होते. ‘कीचकवध’ गद्य आहे, सारी भिस्त शब्दावर. त्यातील मुख्य प्रसंग तर अंधाराचा आहे. व्यासांनी तो रात्री नर्तनागारात घातला, खाडिलकरांनी देवळात आणला. मूळ कथेत कीचक काळोखात चाचपडत येतो, शय्येवर सैरंध्री आहे अशा समजुतीने गोड बोलतो, आणि हाताला लागतो तो भीम. रंगमंचावर हा प्रसंग दिवे मंद करून कसाबसा निभवावा लागतो. चित्रपटाने तो डोळ्यांसमोर धरला, तेव्हा काय झाले ते सर्वश्रुत आहे : बाबूराव पेंटरांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’तील वध इतका हुबेहूब वठला की त्यावर हरकत घेतली गेली. श्रुतिकेला मात्र हा अंधार आयताच मिळतो. ऐकणाराही अंधारातच बसलेला असतो. कीचकाचा चेहरा त्याला दिसत नाही, तो त्याने स्वतः लावावयाचा असतो.

जुन्या वेषात जेत्याला उभे करून रेडिओवर त्याची झडती घेण्याचा प्रयोग युरोपात झालेला आहे. जर्मन नाटककार ब्रेख्त याने १९३९ मध्ये परागंदा अवस्थेत रोमन सेनापती लुकुलसवर नभोनाट्य लिहिले आणि १९४० च्या मे महिन्यात ते स्वित्झर्लंडमधून प्रक्षेपित झाले. आशिया जिंकून आलेला हा सेनापती मेल्यावर पाताळातील न्यायासनापुढे उभा राहतो. निवाडा करावयास बसलेले लोक कोण, तर शेतकरी, मासळीवाली, भटारी अशी साधी माणसे. विजयांची यादी कोणालाच भावत नाही. त्याने युरोपात आणलेले चेरीचे झाड तेवढे त्याच्या बाजूने पडते. हिटलरचे नाव कोठेही नाही, आणि ज्याने ऐकले त्याला ते सांगावेही लागले नसेल. जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये सार्त्रने १९४३ साली ग्रीक पुराणकथेवरील ‘माशा’ हे नाटक रंगभूमीवर आणले ते याच वाटेने. तीन दशकांहून अधिक काळापूर्वी पुण्यात चाललेली ही युक्ती या दोघांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. जुलमाच्या काळात जुनी गोष्ट सर्वत्र हेच काम करते.

आमच्या निजाम राज्यात रेडिओ आला तो १९३५ मध्ये, दक्खन रेडिओ या नावाने. भाषा मुख्यतः उर्दू, सोबत तेलुगू, मराठी व कन्नड. पण तो दरबाराचा आवाज होता. त्यावर विराटाचीच वाणी ऐकू यावयाची. बाहेर जाहीर सभेला गश्ती निशाण ५३ खाली आगाऊ परवानगी लागे. अशा राज्यात बोलण्याच्या वाटा उरल्या त्या ग्रंथालय, शाळा, गणेशोत्सवाचा मेळा आणि कीर्तन. हैदराबादची विवेकवर्धिनी १९०७ ची, म्हणजे ‘कीचकवधा’च्याच वर्षाची. उत्तररंगात बुवांनी कंस किंवा कीचक उभा केला की श्रोते एकमेकांकडे पाहात, अशा आठवणी जुन्या घरांतून सांगितल्या जात. गुलबर्ग्याच्या मातीशी नाते असलेले आणि १९५२ मध्ये येथूनच लोकसभेवर निवडून गेलेले स्वामी रामानंद तीर्थ यांच्या चळवळीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे खांद्याला खांदा लावून उभे होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी दरबाराच्या याच रेडिओवरून शस्त्रसंधी जाहीर झाली आणि एका विराटाचे राज्य संपले. १ एप्रिल १९५० रोजी दक्खन रेडिओ आकाशवाणीत विलीन झाला.

त्यानंतर महाकाव्य रेडिओवर आले ते निराळ्या रूपात. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर चालले. सीमेच्या या बाजूलाही ज्यांच्या घरी रेडिओ होता, त्यांच्याकडे त्या वेळी शेजारपाजार जमे. ते भक्तीचे आणि काव्याचे पर्व होते, उपरोधाला त्यात जागा नव्हती आणि तसे कारणही नव्हते. परका कीचक निघून गेला होता.

पण कीचक निघून गेला म्हणून त्याचे नाव घेण्याची सवय गेली का? येथे आमच्या मनातील दोन शंका वाचकांपुढे ठेवतो.

पहिली शंका सैरंध्रीविषयी. द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, असे म्हणताच ती देवता झाली आणि तिच्यातील दासी लोपली. व्यासांची सैरंध्री मात्र आधी एक कामकरी बाई आहे. राणी तिला मद्य आणण्याच्या मिषाने भावाच्या महालात पाठविते, आणि तिची इच्छा कोणी विचारीत नाही. आमच्यापैकी अनेक घराणी या भागात देशपांडेपण, कुलकर्णीपण, इनाम घेऊन आली. वाड्याच्या माजघरात ‘पांडवप्रताप’ चालू असता पडवीत जाते ओढणारी, पाणी भरणारी, निसणटिपण करणारी बाईही तो ऐकत होती. तिने कीचकाला कोणाचा चेहरा लावला असेल? कर्झनचा खास नव्हे. फुल्यांनी १८७३ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला होता, आणि आमच्या वाड्यांनी त्याचे उत्तर विराटासारखेच दिले : दृष्टीआडच्या गोष्टी आम्हांस ठाऊक नाहीत.

दुसरी शंका शेजाऱ्याविषयी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची तीन भाषिक राज्यांत वाटणी झाली. बीदर जिल्ह्याचे तर तुकडे पडले : उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठी मुलखाकडे, जहीराबाद व नारायणखेड आंध्राकडे, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्याकडे. सोयरिकी एकीकडे आणि शेती दुसरीकडे अशी घरे आजही आहेत. शाळा, पाट्या, अर्जाची भाषा यांवरून मने दुखावली जातात, आणि काही तक्रारी रास्तही आहेत. अशा वेळी आपण अज्ञातवासात असलेले पांडव आणि समोरचा कीचक, असे रूपक जिभेवर सहज येते. सभांतून ते ऐकूही येते. आम्हांस ते मान्य नाही. अज्ञातवास एका वर्षाचा असतो, आणि आम्ही येथे शतके राहिलो आहोत. माणिकप्रभूंच्या हुमनाबादेत आणि दत्ताच्या गाणगापुरात ज्यांच्या भाषा एकमेकींत मिसळल्या, त्यांनी शेजाऱ्याच्या तोंडाला कीचकाचा मुखवटा बांधणे म्हणजे खाडिलकरांच्या शस्त्राने आपलाच हात कापून घेणे होय. उपरोधाचे शस्त्र वर, सत्तेकडे, चालते तेव्हाच त्याला धार असते. आडवे, शेजाऱ्यावर, चालविले की ती नुसती शिवी उरते.

या शंकांचे निरसन विराटपर्व बाजूला ठेवल्याने होणार नाही. उलट ते पुन्हा ऐकले पाहिजे, कारण आमच्या नातवंडांना आज ‘कीचक’ हा शब्दच अर्थ देत नाही. ती कन्नड आणि इंग्रजी शिकतात, मराठी घरापुरती बोलतात, आणि कथा चित्रफितीतून पाहतात. ज्या समाजाला गोष्ट ठाऊक नाही त्याच्यासमोर रूपक निरुपद्रवी असते. त्याच्यासाठी सरकारला बंदी घालण्याचे श्रमही पडत नाहीत.

म्हणून मंडळाच्या सभासदांना आमची एक सूचना आहे. येत्या चातुर्मासात ‘कीचकवधा’चे अभिवाचन करावे. त्याच बैठकीत कुमारव्यासाच्या विराटपर्वातील तोच प्रसंग कन्नड गमकी मित्रांकडून ऐकावा. दिवे थोडे मंद ठेवावेत. आणि वाचन संपल्यावर, कीचकाला आपण कोणाचा चेहरा लावला, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासून पाहावे.